चंबळचा बहादुर, मीरा रोडचे सुरती

गोष्ट एकाने लिहायची आणि चित्रे दुसऱ्याने काढायची, ही आपल्याकडच्या चित्रकथांची रुळलेली पद्धत. दोन्ही कामे येणारे आणि दोन्हींत नाव कमावणारे लोक फार थोडे झाले. आबिद सुरती हे त्यांतले ठळक नाव. 'धर्मयुग' या हिंदी साप्ताहिकातला ढब्बूजी त्यांनी लिहिला आणि काढलाही. 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला बहादुर त्यांनी घडवला, लिहिला आणि चित्रांसाठी दुसऱ्याच्या हवाली केला. मातृभाषा गुजराती, प्रसिद्धी हिंदीतली, बालपण मुंबईच्या डोंगरीतले आणि उतारवयातला मुक्काम ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडला. इंद्रजालचे अंक मराठीतूनही निघत असल्याने बहादुर मराठी मुलांनाही तितकाच ओळखीचा होता. मात्र त्याचा लेखक आपल्याच जिल्ह्यात राहतो, हे ठाणे-कल्याणकडच्या त्या मुलांपैकी बहुतेकांना मोठेपणीही माहीत नसावे.

सुरतींचा जन्म ५ मे १९३५ रोजी सौराष्ट्रात, राजुलाजवळच्या वावेरा या गावी झाला. लहानपणीच ते मुंबईला आले. डोंगरीतले दिवस हलाखीचे होते. दुसरे महायुद्ध चालू होते आणि दोस्त राष्ट्रांचे सैनिक मुंबई बंदरात उतरून आगगाडीने पुढे जात. गाडीच्या मागे गल्लीतली पोरे धावत आणि सैनिक खिडकीतून त्यांच्याकडे खाऊ फेकत. एकदा खाऊऐवजी एक कॉमिक्सचे पुस्तक येऊन पडले. पोरांनी त्यावर झडप घातली, पुस्तकाच्या चिंध्या झाल्या आणि आबिदच्या हाती एक पान लागले. पान मिकी माऊसचे होते. ते पाहून पाहून आपण चित्रे काढू लागलो, असे सुरती मुलाखतींतून सांगत आले आहेत. कलावंतांच्या अशा आठवणी पुढे घासूनपुसून गोलाईदार होतात हे खरे, पण त्यातला एक तपशील महत्त्वाचा आहे. हाती आलेले ते सुटे पान होते, पूर्ण गोष्ट नव्हे. आधीचे आणि नंतरचे मनानेच भरायचे होते.

१९५२-५३ च्या सुमारास 'रमकडुं' या गुजराती बालमासिकात त्यांची रंगीत चित्रमालिका येऊ लागली. एक मुलगा, एक मुलगी आणि एक माकड अशी त्यातली पात्रे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९५४ मध्ये त्यांनी पदविका घेतली, म्हणजे चित्रकलेचे रीतसर शिक्षण पुरे होण्याआधीच छापखान्याची ओळख झालेली होती. जे. जे. मध्ये शिकलेल्या अनेकांनी कॅनव्हास एकीकडे आणि पोटापाण्याची चित्रे दुसरीकडे असा सोवळ्या-ओवळ्याचा हिशेब ठेवला. सुरतींनी तो ठेवला नाही. चित्रप्रदर्शने, कादंबऱ्या, व्यंगचित्रे आणि मुलांच्या गोष्टी हे सगळे त्यांच्याकडे एकाच वेळी चालू राहिले.

त्यांच्यातल्या चित्रकाराचा एक चांगला पुरावा सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने काढलेल्या एका लघुपटात आहे. प्रमोद पती या प्रयोगशील दिग्दर्शकाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला 'आबिद' नावाचा काही मिनिटांचा लघुपट केला. सरकारी माहितीपट म्हटला की निवेदकाचा जड आवाज आणि धरणांची दृश्ये डोळ्यांपुढे येतात. इथे त्यातले काहीच नाही. एक पांढरीशुभ्र रिकामी खोली आणि तिच्यात सुरती. भिंती, जमीन, छत यांवर रंग चढत जातात, आकार उमटतात, पुसले जातात आणि त्या रंगांमधून चित्रकार स्वतः एखाद्या बाहुलीसारखा झटक्याझटक्याने सरकत राहतो. एकेक चौकट थांबवून, माणसाला जरासे हलवून पुन्हा चौकट टिपायची, अशा तंत्राने तो बनवला आहे. पती यांनी ॲनिमेशनचे शिक्षण प्रागमध्ये घेतले होते आणि जिवंत माणसाला ॲनिमेशनच्या पात्रासारखे वागवण्याची कल्पना त्यांच्या हाती फार रंगली. चित्रकथा काढणाऱ्या माणसालाच चौकटीत कोंडणारा हा लघुपट आजही शिळा वाटत नाही.

आता ढब्बूजी. 'धर्मयुग' हे टाइम्स समूहाचे मुंबईहून निघणारे साप्ताहिक, हिंदी घरांतले त्याचे स्थान फार मोठे होते. १९६० पासून पुढची सत्तावीस वर्षे धर्मवीर भारती त्याचे संपादक होते. गंभीर साहित्य, राजकारण आणि कला यांनी भरलेल्या त्या अंकात एक छोटी व्यंगचित्रपट्टी हवी होती. सुरतींच्या सांगण्यानुसार दुसऱ्या एका व्यंगचित्रकाराचे काम लांबले म्हणून तात्पुरती सोय म्हणून त्यांना बोलावले गेले. आधी एका गुजराती नियतकालिकात न चाललेले एक पात्र त्यांनी थोडे बदलून पुढे केले. ही तात्पुरती सोय तीसहून अधिक वर्षे टिकली.

ढब्बूजी म्हणजे लांब काळ्या झग्यात गुंडाळलेली एक बुटकी आकृती. रेषा अगदी कमी. त्या काळच्या साप्ताहिकांची छपाई आणि कागद पाहिला की या काळ्या झग्यातला धूर्तपणा कळतो. नाजूक रेषा छापताना तुटायची, छटा चिकटून जायच्या; भरीव काळा रंग मात्र कितीही वाईट छपाईत शाबूत राहायचा. पानावर नजर टाकताक्षणी ढब्बूजी सापडतो, शोधावा लागत नाही. विनोदही त्याच काटकसरीचा: दोन-तीन चौकटी, दोन माणसे, एक बेरका प्रश्न आणि एक तिरके उत्तर. नवरा-बायको, मालक-नोकर, डॉक्टर-रोगी हा सगळा ओट्यावरच्या गप्पांचा मसाला. राजकीय व्यंगचित्राची धार त्यात शोधू नये, ती नव्हतीच. आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस गप्प राहून बघत असे. ढब्बूजी गप्प बसणाऱ्यांतला नव्हता, आणि बऱ्याचदा शहाणाही नव्हता. ओशो रजनीश आपल्या हिंदी प्रवचनांत ढब्बूजीचे किस्से सर्रास सांगत. व्यंगचित्रातले पात्र असे तोंडी विनोदात शिरले, चित्राशिवाय सांगता येऊ लागले, ही त्याच्या यशाची खूण म्हणता येईल. ते चित्रापेक्षा शब्दावर अधिक उभे होते, हेही त्यातून दिसते. सुरतींमधला लेखक इथे चित्रकारावर मात करतो.

बहादुरची कथा समजायला इंद्रजाल कॉमिक्सची पार्श्वभूमी हवी. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. पुढे 'अमर चित्र कथा' काढणारे अनंत पै त्या वेळी याच संस्थेत होते. नायक सगळे आयात केलेले: ली फॉक यांचा फँटम, म्हणजे आपला वेताळ, त्यांचाच मॅन्ड्रेक जादूगार, शिवाय फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी. वेताळाचे मूळ जंगल हिंदुस्थानची आठवण करून देणाऱ्या एका कल्पित मुलुखात होते आणि त्याचे वैरी 'सिंग' आडनावाचे चाचे होते. भारतात छापताना हे अडचणीचे ठरले असते. म्हणून इंद्रजालने देशाचे नाव 'डेंकाली' केले आणि सिंगांचे 'सिंगा' करून टाकले. गंमत अशी की भारतीय वाचकापर्यंत पोहोचताना या कथांमधून जो काही भारत होता तोच खोडला गेला. गोरा नायक, काळे आदिवासी आणि कुठलाच नसलेला देश, एवढेच शिल्लक राहिले. याच काळात 'अमर चित्र कथा'ने भारतीय नायक दिले, पण ते पुराणांतले आणि इतिहासातले: राम वाईरकरांचा कृष्ण, पुण्याच्या प्रताप मुळीकांचे शिवाजी महाराज. आजच्या भारतात, आजच्या कपड्यांत वावरणारा नायक दोन्हीकडे नव्हता.

ती जागा डिसेंबर १९७६ मध्ये बहादुरने घेतली. पहिली कथा लाल विटांच्या हवेलीची. लेखन सुरतींचे, चित्रे गोविंद ब्रह्मनिया यांची. गोविंद हे त्याआधीपासून इंद्रजालची रंगीत मुखपृष्ठे रंगवत असत. आतली चित्रे परदेशी आणि वरचे आवरण मुंबईचे, असा तो मामला होता. बहादुरमुळे त्यांना मुखपृष्ठावरून आतल्या पानांत यायला मिळाले. फॉक लिहीत आणि साय बॅरी फँटम काढत, तशीच ही जोडी. स्वतः चित्रकार असलेल्या माणसाने दुसऱ्या चित्रकारासाठी लिहावे याला समंजसपणा लागतो. सुरतींची स्वतःची रेषा व्यंगचित्राची होती. खोरी, घोडे, हाणामारी आणि माणसांची खरीखुरी शरीरे यांसाठी गोविंद यांचा वास्तवदर्शी हात हवा होता. हे त्यांनी ओळखले, आणि बहादुर टिकण्याचे ते एक मोठे कारण आहे.

कथेचा काळ लक्षात घेतला पाहिजे. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या प्रयत्नांनी चंबळच्या खोऱ्यातल्या माधोसिंग, मोहरसिंग यांच्यासारख्या नामांकित डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली होती. १९७५ च्या ऑगस्टमध्ये 'शोले' आला होता. देशात आणीबाणी चालू होती. डाकू हा विषय वर्तमानपत्रात होता, पडद्यावर होता, फक्त कॉमिक्समध्ये नव्हता. सुरतींनी तो तिथे आणला, आणि आणताना नायकाला थेट डाकूच्या घरात जन्माला घातले.

बहादुरचा बाप भैरवसिंग हा डाकू. पोलिसांबरोबरच्या चकमकीत तो मारला जातो आणि त्याला मारणारा अधिकारी असतो विशाल. पोरगा सूड घ्यायचे ठरवतो. एरवी हिंदी चित्रपटाने इथून पुढे तीन तास सूडाचीच गोष्ट सांगितली असती. सुरती ती सुरुवातीलाच मोडून टाकतात. विशाल या मुलाला शत्रू मानत नाही. त्याच्या बापाने ज्यांची घरे उद्ध्वस्त केली त्या माणसांसमोर त्याला नेऊन उभा करतो. पोराचा राग फिरतो आणि पुढे हाच मुलगा डाकूंविरुद्ध उभा राहतो. बापाला मारणारा माणूसच त्याचा पालक होतो. कॉमिक्सच्या बत्तीस पानांत, लहान मुलांपुढे मांडायला ही गोष्ट सोपी नव्हती. बॅटमनचे आईबाप गुन्हेगाराने मारलेले असतात, म्हणून तो गुन्हेगारीविरुद्ध लढतो. तिथे सगळे सरळ आहे. बहादुरचा बापच गुन्हेगार. म्हणजे ज्याच्या बाजूने रक्त ओढते त्याच्याच विरुद्ध जायचे.

दुसरा प्रश्न व्यवहाराचा होता. खासगी माणूस बंदूक घेऊन फिरू लागला तर त्याच्यात आणि डाकूत फरक काय? परदेशी नायकांच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. वेताळाला कुठल्या कलेक्टरने परवाना दिला, असे कुणाच्या मनात येत नाही. सुरतींच्या मनात ते आले. त्यांनी बहादुरला एकटा ठेवले नाही, त्याच्याकडून 'नागरिक सुरक्षा दल' उभे करवले. कथेतल्या जयगढ परिसरातल्या लोकांना संघटित करून, प्रशिक्षण देऊन, पोलिसांच्या सहकार्याने चालणारे हे दल. गावकऱ्यांनी स्वतःच्या रक्षणासाठी पथके करावीत आणि पोलिसांनी त्यांना पाठबळ द्यावे, ही चंबळमध्ये प्रत्यक्षात वापरली गेलेली रीत होती. महाराष्ट्रातल्या वाचकालाही ग्रामरक्षक दल ठाऊक होते. मुखवटा नाही, गुहा नाही, अद्भुत शक्ती नाही. नायकाची ताकद संघटनेतून येते. भारतीय कॉमिक्समध्ये पुढे नागराज आणि ध्रुव यांच्यासारखे नायक आले, गाजले. पण गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या दलाची ही कल्पना त्यांच्यात केंद्रस्थानी राहिली नाही, हे नुकसानच झाले.

बहादुरचा पोशाखही विचारपूर्वक ठरवलेला. वर भगवा कुर्ता, खाली जीन्स. सत्तरच्या दशकात महाविद्यालयांच्या आवारात, मोर्च्यांत, नाटकवाल्यांच्या कट्ट्यावर हाच वेश दिसे. कपडे पाहूनच वाचकाला कळे, की हा ना जमीनदार आहे, ना पोलीस, ना साहेब. त्याची मैत्रीण बेला ही सोडवून आणण्यापुरती नायिका नव्हती. ती मारामारीत तरबेज होती आणि बहादुरच्या बरोबरीने मोहिमांवर जात असे. दोघे एकाच घरात राहत आणि लग्नाचा विषय कुणी काढत नसे. मुलांच्या कॉमिक्समध्ये त्या काळी हे छापून आले आणि आईबापांनी ते मुलांच्या हाती दिले. बहुधा त्यांनी ते वाचले नसावे.

सुरतींनी बहादुर फार वर्षे लिहिला नाही. ऐंशीच्या दशकात लेखनाची सूत्रे जगजित उप्पल यांच्याकडे गेली आणि पुढे चित्रांतही प्रमोद ब्रह्मनिया आले. उप्पल यांनी बहादुरला खोऱ्यातून बाहेर काढून शहरी टोळ्या, तस्कर, मोठे कट यांच्यामागे लावले. वेग वाढला, कथा चटपटीत झाल्या आणि काही वाचकांना हाच बहादुर अधिक आवडतो. तरीही तुलना केली तर सुरतींच्या कथांचे पारडे जड राहते, कारण त्यांतले खलनायक कुठून आले हे कळते: कर्ज, जमीन, जातीचा अपमान, पोलिसांचा जाच. उप्पल यांचे खलनायक बहुतेक वेळा केवळ वाईट असतात. घरोघरी दूरदर्शन आणि व्हिडिओ पोहोचल्यावर इंद्रजालचा खप टिकेना. ८०३ अंकांनंतर, १९९० मध्ये मालिका बंद पडली आणि बहादुरही थांबला.

सुरतींचे साहित्य हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. 'तूटेला फरिश्ता' या साठच्या दशकातल्या गुजराती कादंबरीपासून धरले तर त्यांच्या नावावर कादंबऱ्या, कथासंग्रह, नाटके, बालसाहित्य मिळून ऐंशीच्या घरात पुस्तके आहेत. 'तीसरी आँख' या कथासंग्रहाला १९९३ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सूफी' या पुस्तकात डोंगरीतली दोन मुले आहेत, त्यांतला एक लेखक होतो आणि दुसरा तस्करीच्या जगात शिरतो. बहादुरच्या वाचकाने ते आवर्जून वाचावे. गुन्हेगार कसा घडतो, हा तोच प्रश्न तिथे मुलांसाठी न सजवता मांडलेला आहे.

सुरतींच्या उतारवयातला मुक्काम असलेले मीरा रोड हे पश्चिम रेल्वेवरचे, दहिसर ओलांडल्यावर लागणारे स्थानक. मुंबईत घर न परवडणाऱ्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत वसवलेले हे उपनगर, त्यामुळे इमारती आधी आल्या आणि पाणी मागाहून. इथल्या पाण्याचा मोठा भाग कल्याणजवळच्या शहाड इथे उल्हास नदीतून उचलला जातो, भिवंडीकडच्या टेमघरला शुद्ध होतो आणि मग ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर असा वाटला जातो. इतक्या लांबून, पंपांच्या जोरावर आलेले पाणी शेवटच्या चार फुटांत, गळक्या नळातून वाया जाते. सुरतींना हे एका मित्राच्या घरी बसलेले असताना टोचले. नळ टपकत होता आणि एवढ्याशा कामाला प्लंबर येत नाही, असे मित्राचे म्हणणे होते. डोंगरीत पहाटे चारला बादलीभर पाण्यासाठी रांगेत भांडणारी आई त्यांनी पाहिलेली होती. उत्तर प्रदेशातल्या हिंदी संस्थेकडून मिळालेले एक लाख रुपयांचे साहित्यिक पारितोषिक त्यांनी या कामाला लावले आणि २००७ मध्ये 'ड्रॉप डेड फाउंडेशन' सुरू केले.

कामाची रीत अशी. दर रविवारी एक प्लंबर आणि एक महिला कार्यकर्ती यांना घेऊन सुरती एखाद्या इमारतीत जात. आधी सोसायटीची परवानगी, लिफ्टजवळ भित्तिपत्रक, मग दारोदार एकच प्रश्न: नळ गळतो का? बाई बरोबर असल्याने दुपारच्या वेळी दार उघडायला घरातल्या बायका कचरत नसत. गळणारा नळ बहुतेक वेळा मोडलेला नसतो. आतला रबरी वायसर झिजलेला असतो. नळाचे डोके उघडायचे, वायसर बदलायचा, पुन्हा आवळायचे. दुरुस्ती फुकट. पहिल्या वर्षी मीरा रोडमध्ये १,६६६ घरे पाहून झाली आणि ४१४ नळ दुरुस्त झाले. त्यातून ४ लाख १४ हजार लिटर पाणी वाचल्याचे वर्तमानपत्रांनी छापले. हा मीटर लावून काढलेला आकडा नव्हे. सेकंदाला एक थेंब म्हणजे महिन्याला सुमारे हजार लिटर असे ढोबळमानाने धरून त्याला ४१४ ने गुणले की तो मिळतो. थेंबाचा आकार सगळीकडे सारखा नसतो, तेव्हा आकडा पुढेमागे होणारच. पण दुरुस्त केलेले नळ मोजलेले आहेत आणि तेच महत्त्वाचे.

या कामाची दखल पुढे चित्रपटसृष्टीतल्या बड्या नावांनी घेतली, देणग्या आल्या, दूरचित्रवाणीवर कार्यक्रम झाले. त्यामुळे आज आबिद सुरती म्हटले की अनेकांना 'पाणीवाले आजोबा' आठवतात आणि ढब्बूजी-बहादुर ही नावे जोडमाहिती म्हणून तळाशी येतात. खरे तर नागरिक सुरक्षा दल कागदावर उभे करणाऱ्या लेखकाने सत्तरी ओलांडल्यावर तीन माणसांचे दल खरेच काढले, एवढाच त्याचा अर्थ. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या सोसायट्यांना हे करायला संस्था नोंदवावी लागत नाही. एक प्लंबर, मूठभर वायसर आणि एक रविवार, एवढे पुरते.